शातो ओ-ब्रियों: एका चरापलीकडची वाईन वेगळी का लागते?

गोदाकाठ

फ्रेंच रेड वाईनचा विषय निघाला की कुणीतरी १८५५ ची यादी काढतंच. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव बघून बागांची प्रतवारी केली आणि पहिल्या प्रतीत चारच नावं आली, लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (मूतों त्यात नव्हतं, ते १९७३ मध्ये वर चढवलं.) लोकांना वाटतं या यादीने ही नावं मोठी केली. माझं म्हणणं उलटं आहे, निदान ओ-ब्रियोंच्या बाबतीत तरी. ही यादी झाली तेव्हा लंडनचे लोक ही वाईन नाव घेऊन मागायला लागून जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती, आणि तो सगळा इतिहास मला यादीपेक्षा कितीतरी जास्त रंगतदार वाटतो, म्हणून हा धागा.

बाग आहे बोर्दो शहराच्या नैऋत्येला पेसाक नावाच्या गावात. १५२५ मध्ये जाँ द पाँताक या माणसाने जान द बेलों हिच्याशी लग्न केलं, हुंड्यात इथली जमीन आली, मग १५३३ मध्ये त्याने ओ-ब्रियोंची गढी विकत घेतली आणि शेजारचे तुकडे जोडत जोडत बाग वाढवत नेली. हा गृहस्थ एकशे एक वर्षं जगला, तीन लग्नं केली, बागेतला वाडा बांधायला घेतला १५४९ मध्ये. पण खरी कमाल त्याच्या वंशजाची, आर्नो द पाँताकची. हा बोर्दोच्या पार्लमेंटचा मुख्य अध्यक्ष (पार्लमेंट म्हणजे तिथलं उच्च न्यायालय, आपण समजतो ते नव्हे), त्यामुळे पैसा, वजन, ओळखी सगळं हाताशी होतं.

त्या काळात बोर्दोहून इंग्लंडला जायची ती फिकट लाल, पातळ वाईन. सगळ्यांची एकत्र, बिननावाची, पिंपात भरून, आणि पुढच्या हंगामाच्या आत संपवायची कारण नंतर ती आंबट व्हायची. पाँताकच्या बागेत काळजीने काम व्हायला लागलं, पिंपातली वाईन उडून कमी झाली की वरून भर घालायची, गाळ खाली बसला की वाईन दुसऱ्या पिंपात काढायची, त्यामुळे ती गडद आणि टिकाऊ व्हायला लागली. आणि ती विकली गेली बागेच्या नावाने! इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या तळघराच्या हिशेबात १६६० साली ओ-ब्रियोंच्या १६९ बाटल्यांची नोंद आहे. १० एप्रिल १६६३ ला सॅम्युएल पीप्स लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या रॉयल ओक टॅव्हर्नमध्ये ही वाईन प्यायला आणि घरी जाऊन रोजनिशीत लिहून ठेवलं की चव चांगली आहे आणि अशी आगळी चव आधी कुठे भेटली नव्हती. नावाचं स्पेलिंग त्याने कानाला आलं तसं लिहिलंय.

१६६६ ला लंडन जळालं. त्यानंतर आर्नोने आपल्या मुलाला, फ्राँस्वा-ओग्युस्तला, तिकडे पाठवलं आणि त्याने पाँटॅक्स हेड नावाचं खानपानगृह काढलं, बाहेर पाटीवर बापाचं चित्र! म्हणजे उत्पादकाने परदेशात जाऊन स्वतःचं दुकान टाकलं, सतराव्या शतकात. जोनाथन स्विफ्टने १७११ मध्ये तिथल्या भावाबद्दल तक्रार केलेली आहे, सात शिलिंग एका बाटलीला, आणि वर मालक म्हणतो मी इतरांपेक्षा स्वस्त देतो. रॉयल सोसायटीवाले (लंडनची शास्त्रज्ञांची संस्था) वार्षिक जेवणं तिथे करायचे.

मला सगळ्यात आवडणारी नोंद मात्र जॉन लॉकची आहे, तत्त्वज्ञ लॉक, तोच. १६७७ च्या मे महिन्यात तो मुद्दाम बाग बघायला गेला. त्याने लिहिलंय की जमीन म्हणजे पांढरी वाळू आणि त्यात गोटे मिसळलेले, बघून वाटेल की इथे काहीच उगवणार नाही. आणि पुढे लिहिलंय की व्यापाऱ्यांनी त्याला खात्रीने सांगितलं, मध्ये फक्त एक चर आहे, पलीकडची माती दिसायला अगदी तीच, पण तिथली वाईन याच्या जवळपाससुद्धा येत नाही.

तर प्रश्न हा. त्या चराच्या अलीकडे असं काय होतं? माझं मत, निम्मं श्रेय जमिनीखालच्या गोट्यांचं आणि निम्मं पाँताक घराण्याच्या मेहनतीचं आणि हिमतीचं. तुमचं काय मत?

तळेगावकर

वा, मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे. लॉकचा हा भाग माहीत नव्हता. पुढचा इतिहास पण येऊद्या ना, क्रांतीच्या वेळी काय झालं वगैरे.

इतिहासवेडा

क्रांतीचं मी सांगतो. पाँताकांच्या घरातून बाग लग्नसंबंधातून फ्युमेल घराण्याकडे गेली. जोसेफ द फ्युमेल हा तिथला शेवटचा मोठा माणूस, १७९० च्या सुमारास बोर्दोचा महापौरसुद्धा होता, लोकांशी चांगलं वागणारा म्हणून नाव होतं, तरी १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला. बाग जप्त झाली, नंतर काही भाग घरच्यांना परत मिळाला. मग १८०१ ते १८०४ मालक कोण तर तालेराँ, नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री! यावरून एक गोष्ट फार फिरते की व्हिएन्ना काँग्रेसमध्ये (नेपोलियननंतरची युरोपातल्या राष्ट्रांची परिषद) त्याने स्वतःच्या बागेची ओ-ब्रियों पाजून फ्रान्सची बाजू सावरली. व्हिएन्ना काँग्रेस १८१४-१५ ची, आणि बाग त्याने १८०४ मध्येच विकलेली. वाईन त्याने पाजली असेल नसेल, पण 'स्वतःच्या बागेची' हा भाग टिकत नाही, इतिहास म्हणून ती गोष्ट सांगू नये असं मला मनापासून वाटतं कारण बागेचा खरा इतिहास इतका भरगच्च आहे की त्याला असली ठिगळं लागत नाहीत.

आणि गोदाकाठ यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट. थॉमस जेफरसन १७८७ च्या मे मध्ये बोर्दोला आला होता, तेव्हा तो अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत. ओ-ब्रियोंच्या बागेत स्वतः जाऊन आला, माती बघितली, आणि पहिल्या दर्जाच्या रेड वाईन म्हणून त्याने जी चार नावं लिहून ठेवली ती बघा, मार्गो, लातूर, ओ-ब्रियों, लाफीत. हीच चार! १८५५ च्या यादीच्या ६८ वर्षं आधी. म्हणजे दलालांनी १८५५ मध्ये नवीन काही ठरवलं नाही, बाजारात जे कधीचं ठरलेलं होतं तेच कागदावर उतरवलं.

चिकित्सक

लेख चांगला आहे पण निम्मं-निम्मं हे पटत नाही. मला यात माती आणि मेहनत दोन्हीपेक्षा सत्ता जास्त दिसते. त्या काळी बोर्दो शहराचे व्यापारी नियमच असे होते की शहरातल्या नागरिकांच्या बागांची वाईन आधी बंदरातून निघायची, आणि नदीच्या वरच्या अंगाच्या प्रदेशातली, गायाक, काओर वगैरे भागातली वाईन ठरावीक तारखेनंतरच खाली येऊ द्यायचे. इंग्रजांची जहाजं शरद ऋतूत येऊन भरून जायची, तोवर यांना दारच बंद. हे कित्येक शतकं चाललं, थेट १७७६ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याने ते मोडलं. आता अशा शहरात न्यायालयाचा मुख्य अध्यक्षच बागेचा मालक असेल तर त्याची वाईन लंडनला पोचणार नाही तर कुणाची पोचणार? काओरच्या शेतकऱ्याने कितीही गाळ काढला आणि पिंपं भरली तरी पीप्सच्या ग्लासात तो जाणारच नव्हता. याला वाईनचा मोठेपणा म्हणायचं का?

गोदाकाठ

@चिकित्सक, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो धाग्यात आला हे बरंच झालं. काओरवाल्यांवर अन्याय झाला यात वादच नाही. पण बघा, ही सवलत बोर्दोच्या सगळ्याच नागरिकांना होती, त्यात बागा असलेले श्रीमंत न्यायाधीश, व्यापारी डझनावारी होते, आणि त्यांची वाईन तरीही बिननावाची पिंपातच मिसळून जात होती. पेसाकमध्येच पाप क्लेमाँची बाग आहे, बेर्त्रां द गोत हा बोर्दोचा आर्चबिशप, पुढे १३०५ मध्ये पाचवा क्लेमेंट म्हणून पोप झाला, त्याची ती बाग, ओ-ब्रियोंपेक्षा दोन शतकं जुनी, मागे चर्चचं वजन. पण लंडनमध्ये पाटी लागली ती पाँताकची. सत्तेने दार उघडून दिलं हे मान्य, दारातून आत काय न्यायचं आणि कुठल्या नावाने न्यायचं हे मात्र त्यांनीच ठरवलं, आणि लोक परत परत जास्त पैसे देऊन तेच मागत राहिले हे सत्तेने घडत नाही हो. लंडनचं गिऱ्हाईक बोर्दोच्या न्यायालयाला कशाला भीक घालेल?

अजून एक, सतराशेच्या सुरुवातीला इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू होतं, फ्रेंच मालावर जबर कर, अधूनमधून बंदीच. तरी त्या वर्षांतल्या लंडन गॅझेटमध्ये पकडलेल्या जहाजांवरच्या वाईनच्या लिलावाच्या जाहिराती आहेत आणि त्यात ओ-ब्रियों, मार्गो ही नावं घालून माल विकलेला आहे. शत्रूच्या मालाचा लिलाव करतानासुद्धा नाव छापलं की भाव वाढतो हे तोवर पक्कं झालं होतं.

लंडनस्थित

+१ गोदाकाठ. लोम्बार्ड स्ट्रीटच्या त्या भागात माझं ऑफिस होतं, शेजारी ॲबचर्च लेन म्हणून अरुंद गल्ली आहे, पाँटॅक्स हेड तिथे होतं. आता सगळ्या बँका आणि काचेच्या इमारती, पण गल्ल्यांचा आराखडा बराचसा तोच आहे त्यामुळे पीप्स कुठून चालत आला असेल हे कळतं.

वाईनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एका टेस्टिंगमध्ये १९८९ ची ओ-ब्रियों थोडीशी मिळाली होती, हे वर्ष वाईनवाल्यांमध्ये फार गाजलेलं आहे. मेदोकच्या (बोर्दोच्या उत्तरेचा भाग) मोठ्या वाईन तरुणपणी जिभेला आवळून धरतात, काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त असतात ना, तसं इथे झालं नाही. वास आधी आला तो तंबाखूच्या पानाचा, मग धूर, ओल्या तापलेल्या विटेसारखा मातीचा वास, आणि मागून काळ्या फळांचा गोडवा, तोही पिकलेला, साखरेचा नव्हे. घोट गेल्यावर चव बराच वेळ मागे राहते आणि बदलत राहते, सुरुवातीला फळ, शेवटी परत तंबाखू. मी फार काही मोठा जाणकार नाही पण पीप्सला 'आगळी' का वाटली असेल ते समजलं. मऊपणाचं कारण असं सांगतात की या बागेत मर्लो या दुसऱ्या जातीचं प्रमाण मेदोकच्या मोठ्या बागांच्या मानाने बरंच जास्त आहे, मर्लो आणि काबर्ने सोव्हिन्यों जवळजवळ बरोबरीने, शिवाय थोडी काबर्ने फ्राँ.

रसिका_पुणे

किती सुंदर वर्णन केलंय! मला एक विचारायचंय, ही वाईन आणि ला मिसिऑं ओ-ब्रियों हे एकच का? एका मेनूकार्डवर दोन्ही नावं बघितली होती, किमती बघून कार्ड मिटवलं.

बोर्दोत_सध्या

नमस्कार, मी इथेच राहतो म्हणून लिहितो. ताई, दोन वेगळ्या बागा आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर. कित्येक वर्षं कडवी स्पर्धा होती, मग १९८३ मध्ये ओ-ब्रियोंच्या मालकांनी ला मिसिऑं विकत घेतली पण वाईन आजही वेगळ्याच बनवतात आणि वेगळ्याच लागतात, इतक्या जवळ असून. म्हणजे लॉकचा चर आता डांबरी रस्ता झालाय असं म्हणा हवं तर.

मालक म्हणजे डिलन कुटुंब. क्लॅरेन्स डिलन हा अमेरिकन बँकर, टेक्सासमध्ये जन्मलेला, त्याने १९३५ मध्ये बाग घेतली, जगभर मंदी आणि बोर्दोची अवस्था वाईट, तेव्हा. त्याचा मुलगा डग्लस डिलन केनेडींच्या मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळायचा. आता पणतू पाहतो, लक्झेंबर्गचा प्रिन्स रॉबेर. दुसऱ्या महायुद्धात वाड्यात आधी फ्रेंच सैनिकांचं हॉस्पिटल होतं, नंतर जर्मनांनी घेऊन वैमानिकांचं विश्रांतिगृह केलं.

पण मला मालकांपेक्षा देल्मास घराणं मोठं वाटतं. बाग आणि तळघर सांभाळणारे हे लोक, बाप जॉर्ज, मुलगा जाँ-बेर्नार, नातू जाँ-फिलीप, तीन पिढ्या याच बागेत. जाँ-बेर्नार तर जन्मला पण इथेच. १९६१ मध्ये त्यांनी फर्मेंटेशनसाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणल्या, मोठ्या बागांमध्ये सगळ्यात आधी, तेव्हा बाकीचे लाकडाच्या प्रचंड टाक्या वापरायचे. लोकांना धक्का बसला होता कारण स्टील म्हणजे दूधडेअरीचं सामान. पण फायदा सरळ आहे, रस आंबताना तापतो, फार तापला तर यीस्ट मरतं आणि काम अर्धवट थांबतं, वाईन बिघडते. स्टीलच्या टाकीवरून पाणी सोडून तापमान आवरता येतं. नंतर वाईन ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत जवळपास दोन वर्षं मुरते. गंमत म्हणजे इतकी जुनी प्रतिष्ठित बाग आणि नवीन तंत्र सगळ्यात आधी तिनेच घेतलं.

वेलींच्या निवडीवर पण त्यांनी सत्तरच्या दशकापासून खूप काम केलंय, एकाच जातीचे वेगवेगळे क्लोन लावून कुठला कसा फळतो याच्या वर्षानुवर्षं नोंदी.

बाग अक्षरशः शहरात आहे. चारी बाजूंनी घरं, दुकानं, गाड्या. याच पेसाकमध्ये ल कॉर्ब्युझिएने १९२० च्या दशकात कामगारांची वसाहत बांधली, आपल्या चंडीगडवाल्याने, ती अजून आहे. आजूबाजूच्या कित्येक बागा शहर वाढताना प्लॉट पाडून संपल्या. ही उरली कारण नावाची किंमत जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त होती. याबाबत मला गोदाकाठ यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं, पाँताकने लंडनमध्ये केलेल्या खटाटोपाने विसाव्या शतकात बिल्डरपासून बाग वाचवली.

निफाडचा_बागायतदार

धागा वाचून राहवलं नाही. आमची द्राक्षबाग, थोडी वाइनची द्राक्षं पण लावलेली आहेत, वायनरीला देतो. मला ते पीप्स आणि मंत्री वगैरे ठीक आहे पण चराचा प्रश्न खरा आमचा आहे. आमच्याकडे पण बांधाच्या अलीकडे पलीकडे फरक पडतो, एका बाजूला काळी भारी जमीन, खाली चोपण, पाणी धरून ठेवते, वेल नुसती पानांनी माजते, घड सुटे राहत नाहीत, भुरी डाऊनी हे बुरशीचे रोग सगळे आधी तिथे. दुसऱ्या बाजूला मुरमाड, तिथे माल कमी पण रंग आणि गोडी चांगली. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तर माझे प्रश्न असे की त्या गोट्यांच्या जमिनीत खाली काय आहे, पाणी कसं देतात, एकरी झाडं किती आणि छाटणी कधी. आणि एक गोष्ट सांगतो, फ्रान्सच्या या गावाशी आमचा रोजचा संबंध आहे, पावसाळ्यात आम्ही बोर्डो मिश्रण मारतो ना, मोरचूद आणि चुना, ते तिथलंच.

बोर्दोत_सध्या

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. बोर्डो मिश्रणाची गोष्ट आधी. डाऊनी रोग अमेरिकेतून इथे आला १८७८ च्या सुमारास आणि बागा झोपल्या. मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बोर्दो विद्यापीठात होते. १८८२ च्या शरदात ते मेदोकमधल्या सें-ज्युलियाँ गावात फिरत असताना त्यांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत आणि आतल्या वेलींची गळालेली. चौकशी केली तर कळलं की येणारेजाणारे द्राक्षं तोडतात म्हणून कडेच्या ओळींवर निळं कडू काहीतरी शिंपडलेलं, मोरचूद आणि चुना. मग प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. चोरांसाठी केलेला उपाय आणि आज निफाडपर्यंत पोचलेला. त्याच्या थोडं आधी फायलोक्झेरा नावाच्या किडीने मुळं खाल्ली होती, तेव्हापासून इथेही सगळं अमेरिकन खुंटावर कलम, जसे तुम्ही डॉगरिजवर करता.

आता जमीन. वरचे गोटे गारोन नदीने लाखो वर्षांत आणून टाकलेले, लहान गारगोट्या आणि वाळू. त्यांचे उंचवटे झालेत, ओ-ब्रियों अशाच उंचवट्यांवर आहे. खाली कुठे चिकणमाती, कुठे वाळू, कुठे चुनखडक. गोट्यांची जाडी थोड्या थोड्या अंतरावर बदलते. जिथे चिकणमाती वर येते तिथे मर्लो, जिथे गोटे खोल तिथे काबर्ने. पाणी देत नाहीत! इथल्या नियमानुसार फळावर आलेल्या बागेला एरवी पाणी द्यायला मनाई आहे, अगदी अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळते. ठिबक वगैरे नाही. आणि झाडं खूप दाट, गारोनच्या या काठावरच्या चांगल्या बागांत हेक्टरला दहा हजारांपर्यंत, म्हणजे एकरी चार हजार. वेल बुटकी, प्रत्येकीवर माल थोडा. छाटणी एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. तुमच्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दोनदा नाही, कारण इथे थंडीच वेलीला झोपवते.

चराचं उत्तर बऱ्याच अंशी इथल्याच एका संशोधकाने दिलंय. जेरार सेगां, बोर्दो विद्यापीठ. त्यांनी १९६०-७० च्या दशकात मेदोकच्या मोठ्या बागांच्या जमिनी तपासल्या तेव्हा असं दिसलं की मोठ्या वाईनचं गुपित मातीतल्या एखाद्या खनिजात नाही, पाणी किती आणि कधी मिळतं यात आहे. पाऊस पडला की गोट्यांतून पाणी झटकन निघून जायला हवं, आणि उन्हाळ्यात खोल गेलेल्या मुळांना थोडं थोडं मिळत राहायला हवं, इतकंच की द्राक्षं पिकताना वेल शेंडे वाढवायचं थांबवेल. म्हणजे दादा, तुमचा मुरमाड बांध आणि पेसाकचा उंचवटा यांचं तत्त्व एकच.

चिकित्सक

हे उत्तर मला आवडलं, यात तपासता येण्यासारखं काहीतरी आहे. मग माझा प्रश्न, निचरा हेच कारण असेल तर चर खणणं हीसुद्धा मेहनतच झाली ना? चर आपोआप पडत नाही. पाँताककडे मजूर लावायला पैसा होता म्हणून पाणी काढलं असेल, शेजाऱ्याकडे नव्हता.

गोदाकाठ

हे फारच नेमकं पकडलंत. हो, म्हणूनच मी निम्मं निम्मं म्हणत होते! गोटे निसर्गाने दिले पण उंचवट्याच्या उतारावरून पाणी कुठे न्यायचं, कुठली वेल कुठे लावायची, जुनी वेल कधी काढायची हे माणसाने ठरवलं, पिढ्यान् पिढ्या. आणि नावामुळे भाव मिळाला, भावामुळे बागेवर खर्च करता आला, त्या खर्चाने परत वाईन सुधारली. हे चक्र शेजाऱ्याचं सुरूच झालं नाही. मला वाटतं चराच्या दोन्ही बाजू लॉकला सारख्या दिसल्या त्या वरून, आणि खाली जे वेगळं होतं त्यात थोडी नदी होती आणि थोडे पाँताकचे मजूर, ज्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

तळेगावकर

किमतीबद्दल कुणीतरी बोला. ५० हेक्टरची बाग, म्हणजे सव्वाशे एकर, एवढ्याशा जागेतून किती निघणार, म्हणून महाग हे समजतं. पण १९७६ मध्ये पॅरिसला आंधळी चाचणी झाली होती त्यात कॅलिफोर्नियाची वाईन पहिली आली ना? मग हा सगळा नावाचाच खेळ नाही का?

लंडनस्थित

त्या चाचणीत रेडमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ पहिली, मूतों १९७० दुसरी, मोंरोज १९७० तिसरी आणि ओ-ब्रियों १९७० चौथी. परीक्षक सगळे फ्रेंच. गुणांत फरक फार थोडा होता. मला त्यात ओ-ब्रियोंचा अपमान दिसत नाही, दहा वाईनमध्ये बाटली झाकून चौथी येणं म्हणजे नावाशिवायही ती उभी राहिली. किंमत मात्र चवीच्या प्रमाणात नाही हे खरंच, दहापट किंमत म्हणजे दहापट आनंद असं होत नाही. त्यात भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के शुल्क, वर राज्याचे कर.

@रसिका_पुणे, तुम्हाला या भागाची चव घ्यायची असेल तर लेबलवर पेसाक-लेओन्यां लिहिलेली एखादी साधी बाटली बघा, १९८७ पासून हा वेगळा विभाग केलाय. ओ-ब्रियोंची स्वतःची दुसरी वाईन पण आहे, २००७ च्या सालापासून तिचं नाव ल क्लारांस, पण ती पण काही स्वस्त नाही. तो धुराचा, तंबाखूचा वास शेजारच्या चांगल्या बागांमध्येही सापडतो.

रसिका_पुणे

धन्यवाद! बहीण पुढच्या महिन्यात येतेय, तिला आणायला सांगते. मटणाच्या रश्श्याबरोबर चालेल का?

लंडनस्थित

तिखटजाळ रश्श्याने वाईनचा तुरटपणा जिभेला फार बोचतो, तिखट आणि टॅनिन एकमेकांना वाढवतात. भाजलेलं मटण, कमी तिखट, काळी मिरी, खडा मसाला असं काही करा. आणि बाटली तासभर आधी उघडून ठेवा, पुण्यात मे महिना असेल तर थोडा वेळ फ्रीजमध्ये, अठराएक अंशावर प्यायची असते, आपल्या खोलीच्या तापमानावर नाही.

निफाडचा_बागायतदार

माहितीबद्दल मनापासून आभार. एक शेवटचं. आमच्याकडे आता हिवाळ्यात थंडी कमी आणि अवकाळी जास्त, जानेवारी ते मार्च तोडा असतो त्यात गारा. तिकडे काय बदललंय का?

बोर्दोत_सध्या

खूप बदललंय दादा. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तर पांढरी द्राक्षं ऑगस्टमध्येच तोडली गेली. शहराच्या मधोमध असल्याने ही बाग तशीही आसपासच्यापेक्षा थोडी गरम आणि लवकर पिकणारी, आधी हा फायदा होता, वसंतातल्या हिमापासून वाचायचं पीक. आता मर्लोत साखर फार लवकर चढते, वाईनमध्ये अल्कोहोल वाढतं. साध्या बोर्दो विभागात तर प्रयोग म्हणून तूरिगा नासियोनाल, मार्सेलां अशा बाहेरच्या जाती थोड्या प्रमाणात लावायला परवानगी दिलीय, पेसाक-लेओन्यांमध्ये ती नाही. इथे चर्चा चाललीय ती खुंट बदलण्याची आणि काबर्नेचं प्रमाण वाढवण्याची. तुमचा डॉगरिज खुंट कोरड्यात आणि खारवट पाण्यात टिकतो असं वाचलंय, पण त्यावर वेल माजते असंही म्हणतात. तुमचा अनुभव काय?

निफाडचा_बागायतदार

माजते, भारी जमिनीत फारच. मुरमाडात तेवढी नाही. असं करतो, एप्रिलच्या छाटणीआधी बांधाच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट खड्डे घेतो, मुळं कुठवर गेली आणि ओल कुठे आहे ते मोजून फोटोसकट वेगळा धागा काढतो. तुम्ही तिकडच्या कुणा माती तपासणाऱ्याला दाखवा. आणि गोदाकाठ ताई, तुम्ही पाप क्लेमाँवर लिहा.